बीवरचं रोप

जीप अंगणात थांबली तेव्हा हौसाबाई उंबऱ्यात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. पहिला नातू आजोळाहून घरी येत होता. वैजूनं, म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलीनं, दारात मोठी रांगोळी काढली होती. मी त्या घरातली नव्हते, माडीवरच्या खोलीत राहणारी भाडेकरू, पण आबांनी, हौसाबाईंच्या यजमानांनी, सकाळीच बजावलं होतं, "मॅडम, तुम्ही बी खाली या. नातू येतोय."

त्यांची सून शालन उतरली. बाळ दुपट्यात पार झाकलेलं होतं. तिच्या मागून तिचे वडील, दौलतमामा उतरले, पण जीपच्या दाराजवळच थांबले. हौसाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या आणि शालनच्या डोळ्यांना पाणी लावायला हात ओला केला आणि हसत दुपट्याचं टोक बाजूला सारलं.

हात तिथंच राहिला.

बाळ पांढरं होतं. गोरं नव्हे, पांढरं. केस सावरीच्या कापसासारखे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. तोंडावर ऊन पडलं तसे त्यानं डोळे गच्च मिटले आणि किंचाळून रडायला लागलं.

"झाका आत्या," शालन म्हणाली. "त्याला ऊन सोसत नाही."

हौसाबाईंनी दुपटं ओढलं, पण बाळाला घेतलं नाही. वैजू आईकडे बघत राहिली. दौलतमामा म्हणाले, "शेतावर माणसं लावल्यात, निघतो मी," आणि चहाला न थांबता परत गेले. लेकीच्या बाळंतपणानंतरची पहिली पाठवणी, आणि बाप पायरी चढला नाही, एवढं मला खटकलं. जास्त विचार मी केला नाही.

या गोष्टीला आता पंचवीसएक वर्षं झाली. मी तेव्हा एका रोपवाटिका कंपनीत नवे वाण तयार करण्याचं काम करत होते. पाचगणीच्या खालच्या अंगाला, पांगारवाडी नावाच्या छोट्या वस्तीत, रंगराव रांजण्यांच्या शेतावर कंपनीनं प्रयोगाचे वाफे घेतले होते. रंगराव म्हणजे आबा. त्या भागात स्ट्रॉबेरी नवी होती तेव्हा ज्यांनी ती लावून बघितली, त्यांतले ते एक. फळाचा देठ बघून कालचं पाणी कमी पडलं की जास्त हे सांगणारे.

माझं काम होतं पांढरी स्ट्रॉबेरी. लाल होतच नाही अशी. कंपनीला ती मोठ्या हॉटेलांना विकायची होती. बाजारातल्या मोठ्या स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे रंगाचा हिशेब किचकट होतो. म्हणून मी सोबत डोंगरी स्ट्रॉबेरीच्या कुंड्या लावल्या होत्या. फळ बोरापेक्षा लहान, वास मात्र घरभर. तिच्यात गुणसूत्रांचे दोनच संच, माणसासारखे.

शालन माझ्याबरोबर काम करायची. बारावीपर्यंत शिकलेली, बोटं हलकी. उमलायच्या आत कळी उघडून चिमट्यानं त्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे परागकण ब्रशनं लावायचे आणि फुलावर कागदी पिशवी बांधायची, हे तिला आवडायचं. एकदा हसून म्हणाली होती, "मॅडम, आपण ह्यांची लग्नं लावतो, पण पत्रिका काही बघत नाही." तिचं स्वतःचं लग्न पत्रिका न बघताच ठरलं होतं. ती हौसाबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी. मामाची मुलगी करायची रीतच होती. त्यामुळे सासूला ती शेवटपर्यंत आत्याच म्हणत राहिली.

आदल्या हिवाळ्यात कंपनीचा हॉलंडचा तज्ज्ञ मार्सेल आला होता आणि माझ्या शेजारच्या खोलीत महिना-दीड महिना राहिला होता. सोनेरी केसांचा, उन्हानं लालबुंद होणारा, पन्नाशीचा माणूस. शालन त्याला चहा नेऊन द्यायची, वैजूही द्यायची, मीही त्याच्याशी दिवसभर बोलायचे.

बाळ घरी आलं त्याच आठवड्यात, पॅकिंगच्या शेडमध्ये बायका फळं डब्यांत भरत होत्या तेव्हा मी मागच्या दारानं आत गेले. इठाबाई नावाची एक म्हातारी पाठमोरी बसली होती. ती म्हणत होती, "रोप हितलं, बी सायबाचं. आता त्याला काय लाल फळ धरायचंय?"

बायका हसल्या. मला बघून गप्प झाल्या.

शालनचा नवरा दिनकर पहिले काही दिवस बाळाला मांडीवर घेऊन बसायचा. त्याच्या पांढऱ्या जावळावरून बोट फिरवायचा. मग पाचगणीच्या बाजारात त्याला कुणीतरी मार्सेलची खुशाली विचारली. त्या दिवसापासून तो शेतावरच्या खोलीत झोपायला लागला.

शालन माझ्याकडे आली ती बाळाला पदराखाली घेऊनच.

"वाईच्या डॉक्टरांनी सांगितलंय मॅडम. अंगात रंगच तयार होत नाही म्हणाले. जन्मतःच असतं, कुणाचा दोष नाही. मी घरी सांगितलं सगळं. पण अडाणी माणसं, त्यांना काय कळतंय? तुम्ही आबांना सांगा ना. ते तुमचं ऐकतात."

"सांगते," मी म्हणाले.

"चिडून नका सांगू. समजावून सांगा. त्यांना एकदा कळलं ना, की ते आत्याला आणि ह्यांना गप करतील. तेवढा त्यांचा धाक आहे."

दुसऱ्या दिवशी मी आबांना कुंड्यांपाशी घेऊन गेले. सकाळची वेळ होती, धुकं नुकतंच वर सरकलं होतं. फळं धरलेल्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या होत्या, बहुतेक लाल, मधूनमधून एखादी पांढरी. आबा उकिडवे बसले. एक पांढरं फळ खुडून त्यांनी तोंडात टाकलं.

"गोड हाय की. कच्चं न्हाई."

"पिकलेलंच आहे आबा. फक्त लाल रंग बनवता येत नाही त्याला. आता हे बघा, याचे आई-बाप." मी मागच्या दोन कुंड्या दाखवल्या.

"ही तर लालभडक हायत."

"दोन्ही लाल."

आबांनी वर बघितलं. "लालाच्या पोटी पांढरं?"

"यांच्या दोघांच्या पोटात पांढरा लपलेला होता. यांची आजी पांढरी होती. प्रत्येक रोपाला रंगाच्या दोन गोष्टी मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. त्यातली एक जरी लाल असली तरी फळ लालच दिसतं. पांढरं फळ दिसायला दोन्हीकडून पांढरा यावा लागतो."

"आन एकीकडनंच आला तर?"

"तर फळ लाल. पण तो जात नाही कुठं. आत राहतो, पुढच्या पिढीत उतरतो."

आबांनी एका रोपाची पानं उलटून बघितली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आमी आईला फुटल्याल्या रनरवर लागण करतो, म्हणून आईसारखंच रोप मिळतं. बीवर रोप आलं की घराण्यातलं समदं भाईर पडतं."

"अगदी तसंच, आबा." मला इतका आनंद झाला की मी घाईनं पुढं बोलत सुटले. "बाळाचं तसंच आहे. रंग वेगळा, पण हिशेब तोच. शालनमध्ये ते लपलेलं होतं आणि दिनकररावांमध्येही. दोघं एकाच घराण्यातले, म्हणून एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी आली. बाहेरच्या माणसाचा काही संबंध नाही. उलट बाहेरच्याकडून असं होणं फार अवघड."

"दिनकरात बी हाय म्हंता."

"असलंच पाहिजे. नाहीतर बाळ असं झालं नसतं."

"त्याला कुणाकडनं आलं?"

"शालन हौसाबाईंच्या भावाची मुलगी. म्हणजे बहुतेक त्यांच्याकडूनच."

आबांनी हातातला देठ दोन बोटांत फिरवला. "आन वैजूत?"

"असेल किंवा नसेल. शक्यता निम्मी-निम्मी."

"बगून कळतंय?"

"नाही. बघून कळत नाही."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "चांगलं समजावलंत मॅडम. येवडं नीट आजवर कुणी सांगितलं न्हवतं." आणि वाफ्यांमधून घराकडे गेले.

मी खोलीत येऊन चहा केला. शालनला सांगायला खाली गेले तर ती बाळाला न्हाऊ घालत होती, जवळ शेजारच्या घरातल्या बायका बसल्या होत्या. उद्या सांगू, म्हटलं. एवढी चांगली बातमी, निवांत सांगू.

सकाळी जाग आली ती जीपच्या आवाजानं. खिडकीतून बघितलं तर शालन मागच्या बाकावर बसली होती, मांडीवर बाळ आणि पायाशी पत्र्याची पेटी. मी जिना उतरून खाली पोचेपर्यंत जीप वळणाआड गेली.

"माहेरची हवा मानवते पोराला," आबा ओसरीवरून म्हणाले. "राहू द्या थोडे दिस."

आणि मागं, माझ्या वाफ्यांवर दोन गडी डोंगरी स्ट्रॉबेरीच्या कुंड्या उपड्या करत होते. मुळांची माती झटकून रोपं खताच्या खड्ड्यात टाकत होते. मी धावत गेले, ओरडले. ते थांबले आणि आबांकडे बघायला लागले.

"टाका रं," आबांनी सांगितलं. मग माझ्याकडे वळून, आवाज जराही न चढवता म्हणाले, "वैजूच्या साखरपुड्याला कराडचं पाव्हणं येणार हायत. शेत बगतील, हिकडं बी येतील. तुम्ही त्यास्नी बी दावाल. तुमचं बोलणं पटतं माणसाला."

"आबा, तुम्हाला पटलं ना? मग शालनला का पाठवलंत?"

"पटलं म्हणूनच."



"लोक तिला काय म्हणतात ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"लोक सुनंला म्हणत्यात. सुनंचं नाव गेलं तर ते तिच्याबरुबर जातं. घराण्याच्या रक्ताला नाव पडलं तर वैजू घरात बसंल, तिच्यामागं चुलत्यांच्या पोरी बसतील. दोन पिढ्या धुतलं तरी जाणार न्हाई. तुमीच म्हनला न्हवं, आत ऱ्हातं म्हणून?"

"पण ती परकी नाही, आबा. हौसाबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी आहे."

"सून ती सून," आबा म्हणाले, आणि खताच्या खड्ड्यावर माती लोटायला सांगून निघून गेले.

दुपारी हौसाबाई माझं जेवण घेऊन वर आल्या. एरवी ताट वैजू आणायची. त्यांनी ताट ठेवलं, पण उठल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या.

"बाई, रागावू नगा आमच्यावर."

मी ताट बाजूला सारलं.

"आमच्यात एक व्हता," त्या म्हणाल्या. "माझ्या पाठचा भाऊ. असाच. पांडू म्हनायचो. आईनं त्याला कवा भाईर काढलाच न्हाई. पाव्हणं आलं की कणगीच्या मागं बसवायची. म्या त्याला तितं भाकरी न्हेऊन द्यायची. उजेडात डोळं मिटायचा, पर माझा हात वळखायचा. आठ-धा वरसाचा झाला आन तापात गेला. डाक्टर आणला न्हाई. आणला असता तर गावाला कळलं असतं."

पदरानं तोंड पुसून त्या पुढं म्हणाल्या, "त्या दिशी दुपटं काढलं आन मला त्योच दिसला."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"व्हय."

"मग तुम्ही बोला ना! तुम्ही बोललात तर कुणाची टाप आहे शालनला नाव ठेवायची?"

"वैजूचं लगीन झालं की बोलंन."

"आणि तोपर्यंत शालननं काय करायचं?"

हौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत खोटेपणा नव्हता, तेच मला सहन झालं नाही. "ती माझीच हाय," त्या म्हणाल्या. "ती सोसंल."

वैजूचं लग्न झालं. यथावकाश तिला मुलं झाली, सगळी सावळी, काळ्याभोर केसांची. हौसाबाई आता नाहीत. त्या कधीच बोलल्या नाहीत.

कुंड्या उपड्या केल्या त्याच दिवशी संध्याकाळी मी दिनकरला गाठलं. तो ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. मी सगळं सांगायला सुरुवात केली, तर त्यानं मधेच तोडलं. "आईनं सांगितलंय मला."

"मग तुमचं बाळ आहे हे माहीत आहे तुम्हाला."

"माझंच हाय की. म्या कुटं न्हाई म्हणतोय?"

"बाहेर म्हणा मग."

तो नळी गुंडाळत राहिला. "आबा म्हणत्यात, जरा दम धरा. मग बगू." पुढच्या वर्षी त्याचं दुसरं लग्न झाल्याचं मला कुणाकडून तरी कळलं.

कंपनीनं माझे वाफे तिथून हलवले. जमीनमालकाशी वाद नको, असं वरून सांगण्यात आलं. पुण्याला परतायच्या आधी मी शालनच्या माहेरी गेले. खाली जावळीच्या खोऱ्यात, एसटी थांबते तिथून ओढा ओलांडून चालत जावं लागायचं. दुपार होती. शालन ज्यांना दादा म्हणायची ते दौलतमामा अंगणात फणसाच्या सावलीत बसून विळ्याला धार लावत होते. त्यांनी मान हलवली आणि घराकडे बोट केलं.

शालन मला बघून इतकी खुलली की मला तिच्याकडे बघवेना. बाळ आत, अंधाऱ्या कोपऱ्यात झोळीत झोपलं होतं. दाराशीच भरलेली पिशवी होती, वर बाळाची दोन नवी झबली घडी करून ठेवलेली.

"कुठं निघालीस?"

"कुठं नाही. तयार असावं म्हणून ठेवलीय. न्यायला आले तर उगाच खोळंबा नको." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, आबांना समजावायचं राहून गेलं ना तुमचं? मला एकाएकी पाठवलं, त्यात राहिलं असेल. आता जाताना सांगून जा. तुम्ही नीट सांगितलं की त्यांना कळेल."

मी वाटेत ठरवलं होतं, काय सांगायचं आणि काय गाळायचं. ते सगळं तिथं संपलं.

"मी सांगितलं होतं, शालन. तू निघालीस त्याच्या आदल्या दिवशी."

"मग? कळलं नाही त्यांना?"

"कळलं. पूर्ण कळलं."

तिनं पिशवीवरची झबली उगाच सारखी केली. बाहेर विळ्याचा आवाज येत होता.

"आणि आत्याला?"

"त्यांना आधीपासून माहीत होतं. त्यांचा एक धाकटा भाऊ असाच होता. लहानपणी गेला."

"आणि ह्यांना?"

"त्यांनाही माहीत आहे."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. खाली बसली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "अडाणी आहेत म्हणून मी वाट बघत होते. कळत नाही, कळलं की येतील. आता कळूनच पाठवलंय म्हटल्यावर…" तिनं वाक्य पुरं केलं नाही. मग एकदम मान वर केली.

"आत्याचा भाऊ. म्हणजे दादांचाही भाऊ."

विळ्याचा आवाज थांबला होता.

शालन दारात गेली. दौलतमामांनी तिच्याकडे बघितलं नाही. विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत, फणसाच्या बुंध्याकडे बघत ते बसून राहिले. घरात शालनचा धाकटा भाऊ लग्नाचा होता, मला ते तेव्हा आठवलं.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही मला जीपमधनं सोडायला आलात आणि चहाला थांबला नाहीत."

त्यांनी विळा पुन्हा दगडावर धरला.

शालन आत आली. पिशवी उचलली, झोळीतून बाळाला घेतलं, दुपट्यात गुंडाळलं. मला म्हणाली, "पुण्याची गाडी किती वाजता आहे, मॅडम?" मी तिला थांबवलं नाही. मागं दौलतमामांचा आवाज आला, "कुटं निघालीस गं?" तिनं मागं वळून पाहिलं नाही. 

एसटी गच्च भरली होती. बाजारचा दिवस, सगळी खोऱ्यातलीच माणसं, एकमेकांची नाती-गोती जाणणारी. आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. गाडी सुरू झाल्यावर शेजारच्या म्हातारीनं कौतुकानं दुपट्याचं टोक उचललं आणि दचकून हात मागं घेतला. शालनकडे बघितलं, मग तिला नीट ओळखलं. आजूबाजूची दोन-तीन डोकी वळली.

"दौलतीची लेक न्हवं तू?" म्हातारीनं विचारलं. मग जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "कुणावर गेलंय गं लेकरू?"

मी शालनचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, बाळाच्या डोळ्यांवर ऊन येत होतं तिथं पदर धरला आणि ड्रायव्हरपर्यंत आवाज जावा इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"माझ्या चुलत्यावर."